लाल बुडाची गोळी

मित्रांनो, मी एक जुनी गोळी आहे. दचकू नका. माझ्या पोटात दारू नाही, बुडाला ती पेटवणारी टिकली नाही आणि आजवर माझ्यामुळे एक फुगासुद्धा फुटलेला नाही. मी खोटी गोळी आहे. खोटी म्हणून कोणी हिणवले तर मला राग येत नाही. आमच्या क्लबातल्या भल्याभल्यांना मी त्यांची चूक दाखवली आहे, आणि ते काम खऱ्या गोळीला कधीच जमले नसते.

माझा जन्म उर्हो लाम्पेलाच्या शेडमध्ये झाला. घरामागे बर्चची झाडे, त्यांच्या आड ही लाकडी शेड, आणि आत दांडा ओढून गोळ्या भरायचे यंत्र. क्लबाच्या मैदानावर उडालेली पितळी कवचे उर्हो बादलीत गोळा करून आणत असे. ती धुऊन, पुसून, पुन्हा भरून तो नव्या गोळ्या करी. माझे पितळही पूर्वी एकदा खरोखर उडालेले होते म्हणे, पण मला ते आठवत नाही. मला भरताना उर्होने दारूचा डबा बाजूला ठेवला. माझ्या कुशीत एक बारीक भोक पाडले, म्हणजे आत काही नाही हे दिसावे. टिकलीच्या जागी रबर भरले आणि बुडाला लाल रंग लावला. अशा आम्ही सहा बहिणी झालो. चघळायच्या काळ्या खारट गोळ्यांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात आमचा संसार मांडला गेला.

त्या डब्याला एक कायदा होता. खऱ्या गोळ्या शेडच्या कपाटात, कुलपात. खोट्या गोळ्या घरात, डब्यात. मैदानावरचा सराव सोडला, तर दोन्हींची गाठ पडता कामा नये. उर्हो इतर बाबतींत मोठा दिलदार माणूस, पण या कायद्यात त्याने सख्ख्या भावालाही सूट दिली नसती.

आमच्याकडचा हा खेळ उभे राहून एकाच निशाणावर नेम धरण्याचा नाही. टायमर वाजला की कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचे, पळायचे, फळ्यांच्या आडून पुठ्ठ्याची निशाणे टिपायची, पोलादी ताटल्या पाडायच्या. नेमाचे गुण आणि लागलेला वेळ, दोन्ही जमेस धरतात. अशा घाईत माणसाला एक खोड लागते. धमाका होणार, धक्का बसणार, या धास्तीने त्याचे मनगट चाप दाबता दाबताच खाली दबते. खरी गोळी उडाली की त्या आवाजात ही खोड झाकून जाते. माणूस म्हणतो, पिस्तूलच वाईट.

तिथे माझे काम सुरू होते. सराव करणाऱ्याने तोंड फिरवायचे, उर्होने पिस्तुलाच्या मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांत मला कुठेतरी घुसवायचे. तो माणूस धडाधड गोळ्या झाडत येतो, माझी पाळी येते, आणि नुसते टिक् होते. धमाका नाही, धूर नाही, तरी पिस्तुलाची नळी मात्र जमिनीकडे डोके टाकते. मग उर्हो मागून ओरडे, "नाक खाली!" आणि सगळे मैदान हसे.

सर्वांत जास्त हसे झाले ते त्याच्याच मुलीचे, सिर्क्कूचे. सिर्क्कू हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ लोटणारी भलीमोठी गाडी चालवते. समोरून लाकडाचा ट्रक घसरत आला तरी तिची पापणी लवत नाही. पण इवल्याशा पिस्तुलाच्या धमाक्याला मात्र ती डोळे मिटून घेई. क्लबाच्या चार जणांच्या संघात एकदा तरी उभे राहायचे, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. बाप त्या संघात होता, त्याची निळी टोपी अजून दारामागे टांगलेली आहे. आणि दर वसंतातल्या निवड सामन्यात सिर्क्कूचा नंबर पाचवा तरी यायचा, नाहीतर सहावा.

नाचता येईना, अंगण वाकडे! सिर्क्कूने सामान बदलायला सुरुवात केली. आधी पिस्तुलाची मूठ बदलली. मग चाप हलका करून घेतला. मग पट्टा आला, मग होल्स्टर आले, ते उंच वाटले म्हणून दुसरे आले. शेवटी तिने नेम धरायच्या माशीच्या जागी लाल ठिपका दाखवणारी काच बसवली. ती काच तिला क्लबातल्या ओइवाने विकली. ओइवा गोलमटोल, हसरा आणि सामानाचा महाशौकीन. त्याच्या गाडीत जेवणाचा डबा नसेल, पण तीन होल्स्टर नक्की असतात.

"घे गं, ही लावलीस की गोळी आपली आपण वाट शोधत जाते," ओइवा म्हणाला.

"मग तू का विकतोयस?" सिर्क्कूने विचारले.

"माझ्या गोळ्यांना वाट पाठ झाली आता!"

उर्हो शेजारी सॉसेज भाजत बसला होता. तो म्हणाला, "टोपी बदलून टक्कल जात नाही, ओइवा." ओइवाने लगेच आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या काळात आमचा डबा कॉफीच्या पुड्यांमागे ढकलला गेला होता. नव्या सामानाची खोकी यायची, फुटायची, त्यांचे पुठ्ठे चुलीत जायचे. आम्ही सहा जणी अंधारात पडून ते ऐकत असू. मला वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू? त्या वसंतातही सिर्क्कूचा नंबर पाचवाच आला. घरी येऊन तिने पट्टा खुंटीवर अडकवला आणि म्हणाली, "बस्स झालं, बाबा. पुढच्या वर्षी शेवटचं. नाही जमलं तर सगळं विकून टाकीन आणि आपली मासे धरत बसेन."

"मासे धरायलाही हात स्थिर लागतो," उर्हो म्हणाला. मग त्याने कॉफीच्या पुड्या सरकवल्या आणि आमचा डबा टेबलावर ठेवला. "विकायचं ते वीक. पण वर्षभर काही विकत घेऊ नकोस. एक पट्टा, एक होल्स्टर, एक पिस्तूल, आणि ह्या सहा जणी. कबूल?"

"आणि तू दर वेळी मागून ओरडणार?"

"ते तर आलंच."

आणि खरा सराव सुरू झाला. रोज सकाळी, कॉफी उकळेपर्यंत. मॅगझिनमध्ये नुसत्या आम्ही, आणि समोर जाड भिंतीवर चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा. पिस्तूल काढायचे, हळूच चाप दाबायचा, टिक् झाले की मॅगझिनच्या बुडावर थाप मारायची, वरचा भाग मागे खेचून मला बाहेर फेकायचे आणि पुढे चालू. मी उडून कधी लोण्याच्या भांड्याजवळ पडे, कधी मांजराच्या अंगावर. थाप, खेच, पुढे. कॉफी झाली की सराव संपला. कंटाळा येईस्तोवर करायचे नाही, असा उर्होचा दंडक होता. दर शनिवारी मैदानावर आम्हाला खऱ्या गोळ्यांत मिसळून तो मॅगझिन भरायचा. थंडीभर त्याचे "नाक खाली!" ऐकू येत राहिले. मग कधीकधी, आणि बर्फ वितळायला लागला तेव्हा क्वचितच. या सगळ्यात माझ्या बुडाचा लाल रंग पार झिजून गेला. मला त्याचा अभिमानच वाटत होता.

त्याच सुमारास उर्होच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्याने ते कुणालाही सांगितले नव्हते. मला ठाऊक होते, कारण आम्हाला गवतातून वेचताना तो आता डोळ्यांनी शोधत नसे, बोटांनी चाचपत असे. निवड सामन्याच्या आधीच्या शनिवारी त्याने मला उचलले, तेवढ्यात ओइवाने सॉसेज तयार झाल्याची हाक दिली, आणि उर्होने मला कोटाच्या खिशात टाकले. डबा त्या दिवशी पाच जणींवरच बंद झाला, हे कुणाच्या लक्षात आले नाही. त्याच खिशात त्याच्या काही खऱ्या गोळ्याही होत्या. संध्याकाळी शेडमध्ये त्याने सामन्याच्या गोळ्यांत खिसा उलटा केला.

सामन्याची प्रत्येक गोळी उर्हो मापाच्या भोकात घालून तपासतो. फुगलेली असेल तर ती आत बसत नाही. मी बसले! मापाला अगदी बरोबर, कारण मला घडवणारा तोच होता. भोकात माझी कुशी झाकली गेली. त्याने बुडावरून अंगठा फिरवला, सपाट लागले. मी ओरडून सांगणार होते, पण मित्रांनो, आम्हाला आवाज असता तर आम्ही खोट्या कशाला राहिलो असतो?

सामन्याच्या शेवटच्या फेरीला सिर्क्कू उभी राहिली तेव्हा तिच्यात आणि ओइवात चौथ्या जागेसाठी जेमतेम फरक होता. टायमर वाजला. ती पळाली, फळीआडची निशाणे टिपली आणि पोलादी ताटल्यांसमोर आली. पहिली पडली, दुसरी पडली. तिसऱ्या ताटलीवर तिने नेम धरला आणि चाप दाबला. तिथे मी होते.

टिक्.

मी नळीच्या बुडाशी बसले होते, म्हणून हे मी खात्रीने सांगते. नळी हलली नाही. केसभरसुद्धा नाही. जिथे धरली होती तिथेच, ताटलीच्या पोटावर, ती शांत उभी राहिली. दुसऱ्याच क्षणी थाप बसली, मी हवेत उडाले आणि वाळूत पडले. धमाका झाला आणि तिसरी ताटली आडवी झाली. मग चौथी, मग पाचवी. स्वयंपाकघरात रोज झाले होते तेच झाले, फक्त मांजर तेवढे नव्हते.

पंचाने पिस्तूल रिकामे असल्याची खात्री केली. पण उर्होचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने भरलेली गोळी फुसकी निघाली, असे क्लबात कधी घडलेच नव्हते. "माझी टिकली दगा द्यायची नाही," तो स्वतःशीच म्हणत होता. सिर्क्कू पितळ वेचायला वाकली आणि तिला मी सापडले. तिने माझ्या कुशीतले भोक पाहिले, बापाकडे पाहिले, आणि मूठ मिटली.

निकाल लागला तेव्हाही मी त्या मुठीतच होते. सिर्क्कू चौथी, ओइवा पाचवा, आणि दोघांत नावापुरते अंतर. ओइवाने तिला मिठी मारली. "माझी काच परत दे," तो म्हणाला, "चूक झाली विकून!"

गाडीत बसल्यावरही उर्हो त्या टिकलीचेच पुटपुटत होता. त्याला आनंद झाला होता, पण ती एक गोळी त्याच्या घशात अडकली होती. सिर्क्कूने गाडी सुरू केली नाही. तिने मला त्याच्या तळहातावर ठेवले. त्याने अंगठा फिरवला. भोक लागले.

"ही तर आपल्या डब्यातली," तो हळूच म्हणाला.

"हो."

"कोटाचा खिसा." त्याने तो खिसा चाचपला. "मीच ना? माझ्यामुळे तू घरी बसली असतीस, पोरी."

"पण बसले नाही ना?"

"मला हल्ली नीट दिसत नाही, सिर्क्कू."

"मला ठाऊक आहे, बाबा. कॉफीत मीठ घालतोस तू. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, आणि तोवर शेडची किल्ली माझ्याकडे."

त्याने मान हलवली. मग एकदम वळून विचारले, "नाक?"

"नाही गेलं खाली."

"थोडंसुद्धा?"

"ओइवाला विचार."

उर्होच्या डोळ्यांत पाणी आले. ते मोतीबिंदूचे नव्हते. "मग मी योग्य जागीच घातली म्हणायची," तो म्हणाला, आणि दोघे इतके हसले की गाडीच्या काचा धूसर झाल्या.

शरद ऋतूत उर्होच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली. झाडांची पाने किती पिवळी आहेत हे तो आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. मग म्हणाला, मलाही जरा गोळ्या झाडू दे. मैदानावर सिर्क्कूने त्याला तोंड फिरवायला लावले. मॅगझिन तिने भरले, आणि खऱ्या गोळ्यांत मला घुसवले. तेव्हा माझ्या लक्षात आले की साऱ्या क्लबाचे नाक मी पाहिले होते, पण ज्याने मला घडवले त्याच्या मॅगझिनमध्ये मी आजवर एकदाही गेले नव्हते. भरणारा नेहमी तोच असायचा ना!

उर्हो ऐटीत उभा राहिला. एक धमाका, दुसरा धमाका, आणि मग टिक्. नळीने थेट जमिनीला नमस्कार केला.

"नाक खाली!" सिर्क्कू मागून ओरडली. ओइवा तर बाकावरून घसरलाच. उर्हो पिस्तुलाकडे पाहत राहिला, मग त्यालाही हसू आवरेना. "पुन्हा भर," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी सुखात आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणी असेल, तुमची चूक गाजावाजा न करता दाखवणारे. त्याला अडगळीत ढकलू नका. त्याला त्याच्या जागी ठेवा, रोज मोजा आणि त्याचा रंग उडू देऊ नका. माझ्या बुडाला सिर्क्कूने तिच्या नखांचे पॉलिश लावले आहे, चांगले लालभडक. रोज सकाळी उर्हो मला उजेडात धरून तो लाल रंग बघतो, मगच कॉफी चुलीवर ठेवतो.