घोड्यावरचा नवरदेव

माघातली दुपार. पंचगंगेच्या पल्याड उसाचे मळे पिवळे पडून थकलेले, आणि गुऱ्हाळांचा धूर निळ्या आभाळाच्या कडेला काजळाच्या बोटासारखा उमटलेला. ऊन असे, की शालीसारखे अंगावर घ्यावे. काकवीच्या वासाचे ते ऊन नदीवरून येते, घाटाच्या पायऱ्या चढते, शुक्रवार पेठेतल्या अरुंद बोळात शिरते आणि एका लहानशा घराच्या खिडकीतून पुस्तकांच्या कपाटावर जाऊन विसावते.

त्या कपाटाला पाठ लावून बळवंतराव चौगुले बसले होते. सारा जन्म नगरवाचनालयात गेलेला. आवाज हळू, पावलांचा आवाज त्याहून हळू. या माणसाने कुणाचा कधी हेवा केला नाही, असे पेठ म्हणायची.

पेठेला ठाऊक नव्हते. बळवंतरावांच्या काळजात एक घोडा होता. शुभ्र, सजलेला, गळ्यात घुंगुरमाळा ल्यालेला. आणि त्याच्यावर मुंडावळ्या बांधून बसलेला एक देखणा पुरुष. जन्मभर तो पुरुष त्या काळजातून वरात काढीत होता, आणि वरात काही केल्या संपत नव्हती.

चित्रपटाचे नाव ‘शेवंतीची शपथ’. कोल्हापुरातच निघालेला, कृष्णधवल. त्याच्या शेवटच्या भागात नायकाची वरात आहे. नायक विश्वास सरनोबत: तलवारीसारखे नाक, भुंग्यासारखी मिशी, हसला की थेटरातल्या खुर्च्या शिट्ट्या घालीत. वरातीच्या कडेला गर्दी आहे, आणि गर्दीच्या कडेला एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी. पदर डोक्यावर, मान वर, नजर सरनोबताच्या दिशेला. ती काही बोलत नाही. तिला बोलायला दिलेलेच नाही. फक्त तिच्या गालावर एक ठिपका क्षणभर लकाकतो आणि विझतो.

ती मुलगी सुगंधा. पुढच्याच वर्षी ती बळवंतरावांची बायको झाली.

लग्नाची हळद हातावर असताना त्यांनी तिला तोच चित्रपट दाखवायला नेले. अंधारात ती कानाशी कुजबुजली, “आता येतीया बघा मी.” आणि ती आली. चंद्रकोरीसारखी वर उचललेली ती मान, दोन तृषार्त डोळे, आणि गालावरचा तो जलबिंदू. थेटर शिट्ट्यांनी फुटत होते. बळवंतराव मात्र आतून गार पडत चालले होते. जिला आपण आणले, ती कुणासाठी तरी अशी रडलेली आहे. अशी ती आपल्यासाठी कधी रडेल?

त्यांनी विचारले नाही. लाजऱ्या माणसाचे प्रश्न ओठांपर्यंत येतात, आणि ओठ बंद पाहून आल्या वाटेने परत जातात. परत गेलेला प्रश्न मरत नाही; तो आत जाऊन घर बांधतो.

चित्रपट थेटरांतून उतरला. बळवंतरावांना वाटले, सुटलो. पण चित्रपट उतरतात ते पुन्हा चढण्यासाठी.

आधी कॅसेट आली. पेठेने वर्गणी काढून यंत्र भाड्याने आणले, गणपतीच्या मांडवात टीव्ही मांडला. पडदा थरथरायचा, त्यावरून पांढऱ्या रेघा पावसासारख्या उतरायच्या, आणि त्या धुकट, धूसर, दुधट उजेडात सुगंधेचा चेहरा नुसता एक उजळ डाग व्हायचा. ठिपका विरघळून गेला होता. त्या वर्षी बळवंतराव शांत झोपले. कॅसेटवर त्यांचा जीव जडला.

मग व्हीसीडी आली. चेहऱ्याचे चौकोन झाले, जणू कुणी तिची फरशी बसवली आहे. त्या चौकोनांपैकी एका चौकोनात काहीतरी हलले. दिसल्यासारखे, न दिसल्यासारखे. अर्धवट दिसणे हे न दिसण्याहून जाळणारे. बळवंतराव घरात कुणी नसताना ती चकती लावीत, त्या चौकोनापाशी थांबवीत, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहात.

मग डीव्हीडी आली, आणि ठिपका परतला. माहेरी जाऊन टवटवीत होऊन आल्यासारखा.

त्याच सुमारास सरनोबत वारले. वर्तमानपत्रात काळी चौकट आली. बळवंतरावांनी ती दोनदा वाचली आणि मत्सर तसाच ठेवून वर्तमानपत्र तेवढे घडी करून ठेवले. जिवंत माणसाचा मत्सर निदान त्याच्याबरोबर म्हातारा होतो. मेलेला घोड्यावरून उतरत नाही. त्याची मिशी काळीच राहते. इकडे आरशात आपले केस कापसासारखे उडू लागतात, बायकोच्या हातांवर शिरांच्या निळ्या नद्या उमटतात, आणि तिकडे तो तसाच, तिशीतला, तिच्या सतराव्या वर्षाच्या अश्रूखालून डौलाने जात राहतो.

आणि आज, या माघातल्या दुपारी, त्याला पुन्हा एकदा उजळून काढण्यासाठी पुण्याहून एक बाई आली होती.

ऋता केळुसकर तिचे नाव. जुन्या चित्रपटांना नवा जन्म देणाऱ्या एका प्रयोगशाळेत ती काम करते. ‘शेवंतीची शपथ’ची मूळ निगेटिव्ह एका पडीक गोदामात सापडली होती. ती धुऊन, सांधून, चौकट चौकट उजळून आता नवी चकती निघणार होती, आणि सोबत जोडायला त्या चित्रपटातल्या हयात माणसांच्या मुलाखती हव्या होत्या. हयात माणूस एकच उरले होते, आणि ते दळण आणायला गिरणीत गेले होते. जाताना सांगून गेले होते, “मी येते तंवर पोरीला च्या द्या. साखर कमी नका घालू, आपल्यावाणी.”

चहा झाला. ऋताने लॅपटॉप उघडला.

“आजोबा, एक शंका होती. आजी येईपर्यंत तुम्हीच बघा ना.”

पडदा उजळला, आणि बळवंतराव पुढे सरकले. इतकी ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. पदराच्या काठाचा दोरा न् दोरा. कपाळावर चिकटलेली बट. खालच्या ओठाची बारीकशी थरथर. आणि गालावर तो ठिपका, हिऱ्याच्या कणीसारखा, निर्लज्जपणे स्वच्छ.

“आमचं यंत्र आपोआप धूळ काढतं,” ऋता म्हणाली. “एखाद-दुसऱ्या चौकटीतच चमकून जाणारं जे काही असेल, ते त्याला धूळ वाटतं. यालाही ते धूळ म्हणतंय. मला नीट कळत नाहीये. काय करू, पुसू?”

खिडकीतले ऊन कपाटाच्या एका खणावरून दुसऱ्या खणावर सरकले. बोळातून भंगारवाला ओरडत गेला. जन्मभराचे जळते शल्य एका प्रश्नाएवढे होऊन समोर बसले होते, आणि उत्तर द्यायला फक्त दोन अक्षरे पुरत होती.

“धूळ,” बळवंतराव म्हणाले. “धूळच असेल.”

ऋताने कळ दाबली. गाल कोरा झाला.

सुटल्यासारखे वाटेल, असे त्यांना वाटले होते. ते वाट पाहात राहिले. पडद्यावर एक गुळगुळीत, गोंडस, निर्जल मुलगी वरात पाहात होती. दिनदर्शिकेवर असते तशी. हिला काही हरवलेले नव्हते, हिला काही हवे नव्हते. ही कुणाची कोणीही असू शकली असती. हिच्याशी आपले लग्न झालेले नाही. आपले जिच्याशी झाले, ती तो थेंब घेऊन उंबरठा ओलांडून आली होती. तो थेंब घेऊन तिने भाकऱ्या थापल्या, आजारपणे काढली, रात्री आपल्या अंगावर पांघरूण घातले. तो आपला नव्हता. पण तिचा होता.

“परत आणता येईल का?” त्यांनी विचारले.

“येतं की.”

“मग आणा.” आवाज इतका हळू, की ऋताला पुढे झुकावे लागले. “धूळ नाही ती. ती रडते आहे.”

“कोण रडतंय?”

दारात सुगंधाबाई उभ्या होत्या. कमरेवर पिठाचा डबा, भुवयांवर पिठाची पांढरी लव. डबा खाली ठेवून त्या पडद्याजवळ आल्या, डोळे बारीक केले.

“अगं बया. मीच की.”

“आजी, इतकं खरं कसं रडलात? ग्लिसरीन घातलं होतं?”

“आमाला कुठलं गं? ते हिरॉईनला. आमाला चार आणं नि मूठभर चुरमुरं.”

ऋता हसली. बळवंतराव हसले नाहीत. घर बांधून बसलेला प्रश्न आज दार उघडे पाहून बाहेर आला होता.

“सरनोबतांसाठी रडलीस ना?”

सुगंधाबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. आधी कळले नाही. मग कळले. मग त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकल्या आणि पोट धरून हसू लागल्या.

“त्या मेल्याला धड बसता येत नव्हतं घोडीवर. मागनं दोघं धरून चालायची. अहो, त्याच्याकडं काय बघताय? खाली बघा की. चांदणी हाय ती. आमच्या आबांची.”

आबा म्हणजे तिचे वडील, टांगेवाले. शहरात रिक्षा आल्या, टांगा उभा राहिला, आणि आबांनी घोडी मिरजेच्या एका माणसाला दिली. जाण्याआधी एक दिवस ती चित्रपटासाठी मागितली होती. कॅमेरा बंद झाला, की तो माणूस तिला तिथूनच घेऊन जाणार होता.

“म्हणून तर गर्दीत जाऊन हुबी ऱ्हायले,” सुगंधाबाई म्हणाल्या. हसू आता ओसरले होते. “आबांनी घरातनं निघू नगं म्हटलं हुतं. मी म्हटलं, जाताना एकदा दिसू दे.”

“मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?”

“तुमी कधी इचारलं? पिक्चर लागला की तोंड पाडून बसायचा. मला वाटायचं, माझं काम आवडत न्हाई यास्नी.”

बळवंतरावांनी चष्मा काढून पुसला.

“आजी, पुढचं बघितलंय का तुम्ही?” ऋताने विचारले. “थेटरात लागायच्या आधीच, लांबी कमी करायला हा शॉट अर्ध्यात कापला होता. पुढे कॅसेट, चकत्या सगळ्या त्या कापलेल्या प्रतीवरूनच निघाल्या. निगेटिव्हमध्ये तो पुरा आहे.”

सुगंधाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. ऋताने चित्र सोडले.

थेंब गालावरून ओघळला. वरात पुढे सरकली. घोडी मुलीच्या अगदी जवळून गेली, गेली, आणि थबकली. तिने मान वळवली. नवरदेवाने लगाम ओढला, तरी मान वळलेलीच. कान पुढे झुकले, नाकपुड्या फुलल्या, आणि मोठा, ओला, काळाभोर डोळा त्या गर्दीत एकाच चेहऱ्यावर येऊन ठरला. पावले नवरदेवाची, नजर तिची. अशी ती चालत राहिली, वाकडी, अडखळती, मागे पाहात.

बळवंतरावांना त्या घोडीचा थोडा हेवा वाटला.

सुगंधाबाईंनी हात पुढे केला. पिठाचे बोट हलकेच काचेवर, घोडीच्या कपाळावर टेकले. ऋताने चित्र थांबवले नाही. घोडी त्या बोटाखालून निघून गेली, घुंगुरमाळा निघून गेल्या, घोड्यावरचा नवरदेव निघून गेला. रिकाम्या वाटेवर ऊन उरले, आणि उन्हात तो पांढरा टिळा, एकटा, तिथल्या तिथे.