शेवाळे सरांचा शिक्का

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. आमची आई पंचवटीच्या बाजारात मेथी-कोथिंबीर विकते. ती म्हणते, "सुवर्णे, तू डाक्टर झाली पन जिभेला काय औषध घेतलं नाय." तिचं खरंच आहे. पण ती सहा वर्षं माझ्या जागी बसली असती, तर तिनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं.

मुंबई नाक्याजवळच्या एका चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टी बघायचे. मी बी.ए.एम.एस., पगार साडेचार हजार. हायवेवरचे अपघात, प्रेस मशीनमध्ये बोटं सापडलेले अंबडच्या कारखान्यांतले कामगार, द्राक्षबागेत फवारणी करताना तोंडाला फेस आलेले मजूर, छातीत कळ आलेले दुकानदार. दारातून जे येईल ते आधी माझ्या अंगावर यायचं. बड्या डॉक्टरांना फोन लावायचा, आणि ते पोचेपर्यंत माणूस जिवंत ठेवायचा, हे माझं काम.

कागदावर मात्र कॅज्युअल्टी डॉ. शेवाळ्यांची. ते एम.बी.बी.एस. पोलिसांना आणि विमावाल्यांना त्यांचीच सही लागते, असं आमचे मालक सांगायचे. शेवाळे सरांचा सिडकोत स्वतःचा दवाखाना. सकाळी दहाला ते यायचे, चहा घ्यायचे, आदल्या दिवशीच्या केस पेपरवर धडाधड सह्या करायचे आणि अकराला निघायचे. त्यांचा शिक्का माझ्याच ड्रॉवरमध्ये असायचा. पेपर मी लिहायचा, खाली शिक्का मी मारायचा, सही उद्या. त्यांना पंधरा हजार मिळायचे. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. दिवाळीला माझ्या पोरीला फ्रॉक आणायचे.

दोन वाजता इथून सुटले की जरा टेकायचं, आणि पाच ते नऊ अंबडला दुसऱ्याच्या दवाखान्यात बसायचं. माझा नवरा ओम नांदगावला विनाअनुदानित शाळेत शिक्षक. अनुदान आलं की पगार सुरू होईल, या आशेवर त्याची पाच वर्षं गेलेली. म्हणजे घर माझ्यावर. पोरगी चैताली चार वर्षांची झाली, ती आजीलाच आई म्हणायची. मला सुवर्णा म्हणायची. लोक हसायचे, मीही हसायचे, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे.

२००३ च्या उन्हाळ्यात पेपरात जाहिरात आली. गंगापूर रोडला मोठं हॉस्पिटल उभं राहत होतं, त्यांना अपघात विभागासाठी डॉक्टर हवे होते. 'पाच वर्षांचा अनुभव असल्यास बी.ए.एम.एस. चालतील, चौदा हजार.' चौदा हजारांत अंबड सुटत होतं. पोरीला संध्याकाळी मी भरवणार होते. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागेना. हात टाके घालायचे आणि डोकं गंगापूर रोडला फिरायचं.

मालकांकडे अनुभवाचा दाखला मागितला, तर म्हणाले, "कॅज्युअल्टीचा कसा देऊ? तिथे शेवाळे आहेत. 'मदतनीस डॉक्टर' असं लिहून देतो." माझं डोकं सणकलं. दाखला नको म्हटलं. रेकॉर्ड रूममधल्या सहादूला गाठून माझ्या चांगल्या चांगल्या तीस केसेसच्या झेरॉक्स काढून घेतल्या. अक्षर माझं, निदान माझं, मिनिटामिनिटाची नोंद माझी. आणखी काय पुरावा पाहिजे?

मुलाखतीला टेबलापलीकडे एकच बाई होत्या, नव्या हॉस्पिटलच्या संचालिका, डॉ. मनीषा मॅडम. त्यांनी झेरॉक्स शांतपणे वाचल्या. फवारणीच्या विषबाधेच्या पेपरवर थांबल्या.

"ॲट्रोपिनचं इंजेक्शन इतक्या वेळा, बुबुळं बघून बघून? फार छान सांभाळलाय हा पेशंट."

"तेव्हा मी सहा तास त्याच्या खाटेजवळून हलले नव्हते, मॅडम."

"पण हे पेपर डॉ. शेवाळ्यांचे आहेत." त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं.

खरं सांगते, तो शिक्का मला तोवर दिसलाच नव्हता. रोज पन्नास वेळा मारलेला शिक्का. कागदावर तो असायचाच, डोळे त्याच्यावर थांबायचे नाहीत. माझे कान तापले. मी म्हटलं, अक्षर माझं आहे, हवं तर आत्ता लिहून दाखवते.

"ते मला पटलंय," त्या म्हणाल्या. "पण हे काम तुमचं असं लेखी दिलंत, तर दुसऱ्याच्या नावानं सहा वर्षं शिक्के मारले, असंही लेखी होईल. ते अंगाशी येईल."

मी तो पेपर पालथा घातला.

"आणि एक," त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "शेवाळे सकाळी येऊन गेले. विभागप्रमुख म्हणून बावीस हजारांवर येताहेत. त्यांची एकच अट आहे. सोबत तुम्ही हव्यात. मदतनीस म्हणून, सहा हजार."

सहा हजार. म्हणजे अंबड चालूच.

"मी एकटी आले तर? चौदा हजारांवर, माझ्या पेपरवर माझी सही?"

"चौदा हजार अनुभवाला आहेत. तुमचा अनुभव कागदावर नाही, डॉक्टर. माझे हात बांधलेत."

मी झेरॉक्स गोळा केल्या, येत नाही म्हणून सांगितलं आणि उठले. जिना दोन-दोन पायऱ्या सोडत उतरले. रागानं की भीतीनं, कोण जाणे. सहा हजारसुद्धा दीड हजारानं जास्तच होते, आणि मी नाही म्हणून बसले होते.

खाली शेवाळे सर माझी वाट बघत गाडीला टेकून उभे. चेहऱ्यावर दिवाळीच्या फ्रॉकचा तोच आनंद.

"झालं ना? मी तुझं नाव आवर्जून सांगितलं हो. म्हटलं, सुवर्णाशिवाय मी येत नाही."

"मी नाही म्हणाले, सर."

"वेडी की काय? का गं?"

मी झेरॉक्स पिशवीत कोंबल्या. त्यांनी वर हॉस्पिटलच्या पाच मजल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा उतरत गेला. जवळ येऊन हळूच म्हणाले, "मी तर होकार देऊन बसलोय. मग तिथे सिरीयस पेशंट आला, तर मी काय करू गं?"

वडलांच्या वयाचा माणूस. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

"तुम्हाला सहा वर्षांचा अनुभव आहे, सर," मी म्हटलं. "कागदावर आहे."

बोलून मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मी शेअर रिक्षा पकडली आणि अंबडला गेले. नऊला दवाखाना बंद करून घरी पोचले, तेव्हा चैताली आजीजवळ झोपली होती.