दर निम्मा होईपर्यंत

सेफ्टी पिनचं टोक मीटरसाहेबांनी फोनच्या कडेच्या बारीक छिद्रात खुपसलं, अंगठ्याने दाबलं, आणि सिम ठेवायचा इवलासा ट्रे जीभ काढून दाखवावी तसा बाहेर आला. दुकानातली मुलगी मदतीला हात पुढे करत होती. त्यांनी मानेनेच तिला थांबवलं. चौतीस वर्षं लोकांच्या घरचे वीजमीटर उघडून तपासलेला माणूस. तो स्वतःच्या फोनला दुसऱ्याला हात लावू देईल होय?

काउंटरजवळच्या उंच स्टुलावर त्यांची बायको पाय लोंबते ठेवून बसली होती. घरी शिवणाचा क्लास चालवायची म्हणून सारी गल्ली तिला बाई म्हणे, आणि हळूहळू घरातही तेच नाव रुळलं होतं. बाईंच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सवर दोन्ही हात.

“झालं का हो?”

“झालं. विमानतळावर हेच कार्ड दुप्पट भावाने गळ्यात मारत होते. एक दिवस कळ काढली, काय बिघडलं?”

त्या एका दिवसात हॉटेल शोधताना दोघं तीनदा रस्ता चुकली होती आणि बाईंची टाच बुटाने सोलवटून निघाली होती.

अकरा दिवसांच्या ह्या सहलीसाठी साहेबांनी तीन महिने अभ्यास केला होता. फोन दोन सिमांचा घेतला, तोही मागच्या वर्षीचं मॉडेल. शहराचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवला. इथलं कार्ड पहिल्या खाचेत. घरचं दुसऱ्या खाचेत, नेट बंद करून, फक्त बँकेचे संदेश यावेत म्हणून. आणि कार्ड घ्यायचं ते एकच. दोघं बरोबरच तर फिरणार, मग दोन कशाला?

“तुझा फोन विमान मोडवर राहू दे,” ते बाईंना म्हणाले. “तो मोड अजिबात काढायचा नाही. चुकून एक कॉल उचललास तरी केवढे कापतात, कल्पना आहे तुला?”

“नाही.”

“नकोच करूस. फोटो काढ, हवे तेवढे. आणि मेसेज बघायचे असले तर माझ्यापासून दहा पावलांत राहा, माझं नेट तुला मिळेल.”

“लग्न झाल्यापासून दहा पावलांतच आहे,” असं म्हणत बाई स्टुलावरून उतरल्या. दुकानातली मुलगी काही न कळताच हसली. साहेबही हसले.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं जुन्या बाजारात गेली. लोखंडी छताखाली पसरलेला भलामोठा बाजार, आत जुन्या वस्तूंचे शेकडो गाळे. एका गाळ्यावर पितळी काट्यांची जुनी मोजमापाची यंत्रं मांडलेली दिसली आणि साहेबांचे पाय तिथेच रोवले गेले. एक व्होल्टमीटर हातात घेऊन ते उजेडात फिरवू लागले. बाई थोडा वेळ शेजारी उभ्या राहिल्या. टाच ठणकत होती.

“मी पुढे जाऊन बसू का कुठे?”

“कमानीपाशी थांब. आलोच मी.” साहेबांनी मान वर केली नाही.

बाजाराला कमानी चार होत्या, आणि चारही एकाच साच्यातून काढल्यासारख्या. साहेबांच्या मनात होती ती सकाळी ज्या कमानीतून आत शिरले ती. तिथे ते पंधरा मिनिटं उभे राहिले. मग वैतागले. मग आत जाऊन दोन गल्ल्या फिरून आले. अर्ध्या तासाने त्यांनी फोन काढला आणि बाईंचा नंबर लावला.

क्षणभर शांतता. मग त्या परक्या गर्दीत, कानात, लख्ख मराठीत फोन कंपनीची ध्वनिफीत बोलू लागली. आपण ज्या क्रमांकाशी संपर्क साधत आहात तो सध्या बंद आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.

त्यांनी मेसेज पाठवला. ‘कुठे आहेस?’ शेजारी एकच टिक उमटली. दुसरा पाठवला. पुन्हा एकच. नकाशा उघडला, तर निळा ठिपका ते स्वतः कुठे उभे आहेत ते अगदी चोख दाखवत होता.

दुसऱ्या कमानीशी गणवेशातला पहारेकरी होता. साहेबांनी भाषांतराचं अॅप काढून त्यात सांगितलं, माझी पत्नी सापडत नाही. फोन त्याच्या भाषेत बोलला. पहारेकरी लगेच सावरून उभा राहिला आणि काहीतरी विचारू लागला. फोनने ते मराठीत आणलं: त्यांनी कोणत्या रंगाचे कपडे घातले आहेत?

साहेब आठवू लागले. सकाळी नाश्त्याला बाई समोर बसल्या होत्या. बसमध्ये खांद्याला खांदा लागत होता. निळा? की तो मातकट रंगाचा, बाहीला पट्टी असलेला?

पहारेकऱ्याने बोटांनी चौकट करून दाखवली. फोटो? साहेब चार दिवसांचे फोटो मागे सरकवू लागले. बसचं वेळापत्रक. हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड. कार्डाच्या पाकिटाची मागची बाजू. उपाहारगृहाच्या दारावरची भावपाटी, तीन कोनांतून. आत्ताच काढलेला व्होल्टमीटर. बाई कुठेच नव्हत्या. मागे, आणखी मागे, विमानतळावरच्या रांगेत अर्धी पाठ आणि पर्सचा पट्टा, एवढ्याच सापडल्या.

त्यांच्याकडे फोन नाही का, पहारेकऱ्याने विचारलं.

आहे, साहेबांनी सांगितलं.

मग लावा की.

बंद आहे.

बिघडलाय?

“नाही,” साहेब म्हणाले, आणि पुढचं वाक्य अॅपला सांगण्याऐवजी त्यांनी घाम पुसला.

पहारेकरी त्यांच्याबरोबर निघाला. गल्ल्यांमागून गल्ल्या झाल्या. कुठलीही ठेंगणी बाई पाठमोरी दिसली की साहेब झपझप पुढे जात, आणि ती वळली की मागे फिरत. मनात नको नको ते येत होतं. बाईंना इथली भाषा येत नव्हती. हॉटेलचं नाव लिहिलेला कागद साहेबांच्या पाकिटात होता. पासपोर्ट दोघांचेही त्यांच्याच कमरेच्या पट्ट्यात.

पावणेतीन तासांनी चौथ्या कमानीपाशी बाई दिसल्या.

जुन्या बटणांच्या एका गाळ्यामागे त्या उलट्या खोक्यावर बसल्या होत्या. समोर बटणांची रास, भोवती पत्र्याचे डबे. गाळ्याची मालकीण, बाईंच्याच वयाची, शेजारी बसून चहासारखं काहीतरी पीत होती. बाईंची बोटं भराभर चालत होती: चार भोकांची इकडे, दोन भोकांची तिकडे, शिंपल्याची वेगळी. अंगावर फिकट जांभळा कुर्ता होता. बूट काढलेले, आणि टाचेला कुणीतरी नीट पट्टी लावलेली.

“अगं!” साहेब ओरडले. आसपासचे वळून बघू लागले. “कुठे होतीस तू?”

“इथेच. तुम्ही कमानीपाशी थांब म्हणालात.”

“फोन कुठाय तुझा? कितीदा लावला मी! हरवलास काय?”

बाईंनी पर्स उघडली. फोन हातरुमालात गुंडाळलेला होता. पडद्याच्या कोपऱ्यात विमानाचं चिमुकलं चित्र.

“मग चालू का नाही केलास?”

“काढायचा नाही म्हणाला होतात.”

“अगं, पण अशी वेळ आल्यावर तरी!”

“अशी म्हणजे कशी, ते कुठे सांगितलं होतं?” बाईंच्या आवाजात ना राग होता ना टोमणा. क्लासमधल्या पोरीने माप विचारावं तसा प्रश्न. हातातलं बटण त्यांनी योग्य डब्यात टाकलं. “ह्या बाईंनीसुद्धा त्यांचा फोन पुढे केला होता. मी नको म्हटलं. परदेशातला नंबर, त्यांना कशाला भुर्दंड?”

पहारेकरी हसत निघून गेला. साहेब मटकन गाळ्याच्या कडेला टेकले.

“मी बोलतो ते सगळं असं अक्षरशः धरतेस?” थोड्या वेळाने ते म्हणाले. “निदान मनाशी विचार करायचा, की आत्ता लावावा.”

“एकदा विचारलं होतं,” बाई म्हणाल्या. “आत्ता लावू का, म्हणून.”

कधी, असं साहेबांनी विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षांमागे त्यांच्या घरी नवा फोन आला होता, इमारतीतला पहिलाच. बाहेरगावी लावायचा तर आधी कुलूप उघडणारे चार गुप्त आकडे फिरवावे लागत. शेजारपाजारचे येऊन बिल वाढवतील म्हणून साहेबांनी ते कुलूप करून घेतलं होतं. आकडे फक्त त्यांना ठाऊक. त्या वर्षी बाईंची आई दूरच्या गावी दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशीच्या गाडीची तिकिटंही काढून झाली होती. दुपारी भावाचा घाईत फोन आला: आई आज चांगली शुद्धीवर आहे, सारखी तुझं नाव घेतेय, दवाखान्यात लाव, सिस्टर बोलायला देतील. बाईंनी साहेबांच्या कचेरीत फोन केला.

“आकडा सांगता का? आत्ता लावू का आईला?”

साहेबांच्या टेबलापाशी तेव्हा तक्रारदारांची रांग होती. “नऊनंतर दर निम्मा होतो,” ते म्हणाले होते. “मी येतोच आहे, लावून देईन. तोवर काय फरक पडतोय?”

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी स्वतः आकडे फिरवून रिसीव्हर बाईंच्या हाती दिला. पलीकडे भाऊ होता. साडेसहालाच आईची शुद्ध गेली होती. ती पुन्हा आली नाही.

पुढचं सगळं साहेबांनी केलं. रजा टाकली, जीप ठरवली, दवाखान्याचं बघितलं, मेहुण्याला धीर दिला. जावई असावा तर असा, असं लोक म्हणाले. साहेबांनीही ते ऐकलं होतं आणि खरं मानलं होतं. बाई एका शब्दानेही त्या दुपारबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. त्यानंतर त्यांनी कधी आकडाही मागितला नव्हता. साहेबांना वाटायचं, बायको समजूतदार आहे.

“चल,” साहेब उठून म्हणाले. बाईंचे बूट त्यांनी वाकून उचलले, नाड्या सैल केल्या आणि बाईंच्या पायांपुढे ठेवले. बटणवालीने निघताना बाईंच्या मुठीत शिंपल्याची सहा बटणं कोंबली आणि त्यांचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलली. बाईही मराठीत बोलल्या. दोघींना पुरेसं कळलं असावं.

बाजाराबाहेर वर्तमानपत्रांची टपरी होती. काचेवर फोन कार्डांच्या जाहिराती चिकटवल्या होत्या. साहेबांनी कमरेच्या पट्ट्यातून बाईंचा पासपोर्ट काढून पुढे ठेवला, सर्वांत मोठ्या पाकिटावर बोट ठेवलं आणि भाव न विचारताच पैसे दिले. समोरच्या बाकावर बसून त्यांनी बाईंचं कार्ड बदललं, विमानाचं चित्र घालवलं. पडद्यावर सिग्नलच्या काड्या एकेक करून उभ्या राहिल्या. मग पासपोर्ट आणि फोन दोन्ही त्यांनी बाईंच्या पर्सवर ठेवले.

“आता कुणालाही लाव,” ते म्हणाले. “भावाला लाव. क्लासच्या पोरींना लाव. तास तास बोल.”

“आत्ता?”

“आत्ता.”

बाई नावांची यादी वर-खाली सरकवत राहिल्या. अंगठा कशावरच थांबेना. समोरून बसगाड्या गेल्या, एक गेली, दुसरी गेली. मग त्यांनी यादी मिटवली आणि पाठ असलेला एक नंबर एकेक आकडा दाबून लावला.

साहेबांचा खिसा वाजू लागला. त्यांनी फोन काढून पाहिलं. कॉल घरच्या सिमवर येत होता. वीतभर अंतरावरून निघून, पार तिकडे जाऊन, पुन्हा इथे आलेला, दोन्हीकडून पैसे खाणारा. त्यांचा अंगठा सवयीने लाल बटणाकडे गेला. मग त्यांनी हिरवं दाबलं आणि फोन कानाला लावला.

“लागतोय का ते बघत होते,” बाई म्हणाल्या. शब्द आधी शेजारून आले, आणि क्षणभराने कानात.

“लागतोय.”

फोन ठेवायला हवा होता. साहेबांनी ठेवला नाही. बाईंकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत ते फोनमध्ये म्हणाले, “त्या दुपारी तुला आकडा सांगायला हवा होता मी.”

बाईंनी मान वळवली नाही. ते शब्द तिकडून फिरून आपल्या कानात येईपर्यंत त्या थांबल्या. साहेबांना फोनमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“आवाज स्पष्ट येतोय,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.