डावीकडचं पहिलं घर

पर्लला काही झालं तर तुझं तोंड बघणार नाही, असं माझ्या धाकट्या भावाने, व्हर्लिनने, मी बंदुकीच्या दुकानात जायच्या आधीच बजावलं होतं. पर्ल म्हणजे त्याची पांढरी कुत्री. बायको सोडून गेली तेव्हा त्याने तिला घर दिलं, ट्रक दिला, पर्ल दिली नाही.

आमच्या ट्रिनिटी नदीकाठी रानडुक्कर कुत्र्यांनी धरायचं आणि सुऱ्याने मारायचं. दोन शिकारी कुत्रे भुंकून त्याला अडवतात, मग पर्लला सोडायचं. ती कान धरते, व्हर्लिन मागचे पाय उचलतो आणि मी गुडघ्यावर बसून पुढच्या पायामागे सुरा खुपसते. तीस वर्षं मीच खुपसला. गेल्या वर्षी एक गुडघा स्टीलचा बसवला, आणि तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आता खाली बसले तर उठवायला क्रेन लागेल. डुकरांनी इकडे मक्याचा सत्यानाश मांडला होता. म्हणून रिव्हॉल्वर घ्यायचं ठरवलं.

दुकानातल्या म्हाताऱ्या कॉयला बोलायला गिऱ्हाईक हवंच असतं. मी पंधरा गोळ्यांचं पिस्तूल उचललं, तर त्याने ते हातातून काढूनच घेतलं. डुकराच्या अंगाला टेकवलं की त्याचा वरचा भाग मागे सरकतो आणि ते रुसून बसतं, उडतच नाही, म्हणाला. डुकराला भिडायचं तर रिव्हॉल्वरच, तेही चव्वेचाळीस कॅलिबरचं, मनगट दुखलं तरी चालेल. ते मला पटलं. गोळ्यांवरून मात्र आमचं वाजलं. मला भरीव, टणक शिशाच्या हव्या होत्या. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली बोटभर जाड ढाल असते आणि पोकळ टोकाची गोळी तिथेच चपटी होऊन बसते.

"आणि टणक गोळी डुकरातून आरपार जाते," कॉय म्हणाला. "पलीकडे कोण असतं, नीवा?"

पलीकडे पर्ल असते.

शेवटी असं ठरलं: पहिली गोळी पोकळ टोकाची, पुढच्या पायामागे, जिथे ढाल नसते. ती आतच फुलून थांबते. बाकीच्या पाच टणक, डुक्कर कुत्र्यांना झुगारून आमच्यावर आलं तर. हे मी स्वयंपाकघरात व्हर्लिनला समजावलं. त्याने पोकळ टोकाची गोळी घेतली आणि चाकूने तिच्या बुडावर फुलीची खूण केली.

"हीच पहिली, ताई. शब्द दे."

मी दिला.

शनिवारी सकाळी ट्रकपाशी उभी राहून मी रिव्हॉल्वर भरलं. बाबांच्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये सापासाठी छर्ऱ्यांचं काडतूस नेहमी पहिलं असायचं, गोळ्यांच्या चक्रात नळीसमोरच्या घराच्या डावीकडच्या घरात; घोडा ओढला की चक्र फिरून तेच नळीसमोर यायचं. ते रिव्हॉल्वर पुरात वाहून जाईपर्यंत चाळीस वर्षं मीच भरत आले होते. फुलीची गोळी मी त्याच घरात घातली.

कुत्र्यांनी डुक्कर वेताच्या दाट बेटात अडवलं. दीडशे किलोचा काळा नर, तोंडाला फेस. एका कुत्र्याचं पोट त्याने आम्ही पोचायच्या आधीच फाडलं होतं आणि ते बिचारं स्वतःची आतडी चाटत पडलं होतं. व्हर्लिनने शिवी हासडून पर्लला सोडलं. तिने थेट कान पकडला. नराने तिला उचलून झाडावर आपटलं, दोनदा, तिसऱ्यांदा. तिने सोडलं नाही. अंगावर जाड जाकीट होतं म्हणून सुळे तिला लागले नाहीत. व्हर्लिनच्या हातातून मागचे पाय सुटले, डुकराने वळून त्याची मांडी चिरली आणि त्याची पँट क्षणात लाल झाली. त्याने पुन्हा पाय धरले. रक्तात हात निसटत होते.

"मार, ताई!"

मी वाकून नळी पुढच्या पायामागे टेकवली आणि चाप ओढला.

नर जागीच बसला. त्याच्या नाकातून रक्ताचा लोट आला, पाय झाडत तो कुशीवर पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मग पर्लच्या तोंडातून कान सुटला. मेलेल्या डुकराचा कान तिने कधीच आपणहून सोडला नव्हता, व्हर्लिनला तिचा जबडा लाकडाने उचकटावा लागायचा.

तिच्या जाकिटाला डुकराकडच्या बाजूला भोक होतं. मी तिच्याशेजारी बसले, दोन्ही हातांनी भोक दाबून धरलं. गरम रक्त बोटांमधून येतच राहिलं. तिने माझं मनगट एकदा चाटलं आणि ती गेली.

व्हर्लिन लंगडत आला. त्याने चिखलातून रिव्हॉल्वर उचललं आणि उघडलं. फुलीची गोळी तशीच होती, न उडालेली. त्याने ते मिटलं, नळी जमिनीकडे केली, घोडा हळूच मागे ओढला आणि गोळ्यांचं चक्र कुठे वळतं ते पाहिलं. डावीकडे.

"बाबांचं उजवीकडे फिरायचं," तो म्हणाला.

आवाजात राग नव्हता. त्याने मला तिथेच बडवलं असतं तर बरं झालं असतं.

पर्लला उचलायला तो वाकला आणि मध्येच थांबला. चिखलात रुतलेल्या माझ्या दोन्ही गुडघ्यांकडे बघत राहिला.

"बसता येतं की तुला," तो म्हणाला.