खुशीचा बोकड

रविवारी चर्चमध्ये दानाची थैली हाती आली की बिभीषण ती तशीच शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि हळूच म्हणायचा, "आज खुशी न्हाई."

याला कारण पाळकसाहेबांचंच प्रवचन. कल्याण पाळक जालन्याहून वडीगोद्रीजवळच्या या वस्तीवर नवे आले, तेव्हा त्यांनी दशांशावर सांगितलं होतं. दहावा हिस्सा देवाचा, हा जुना नियम. पण देवाला जबरदस्तीचं नको. ज्यानं त्यानं मनात ठरवावं आणि खुशीनं द्यावं, कुरकुरत दिलेलं न दिल्यासारखंच. बाकीच्यांनी अर्धं ऐकलं आणि अर्ध्यावर डुलकी घेतली. बिभीषणानं मात्र शेवटचं वाक्य गाठीशी बांधलं.

"मला देतानी खुशी होत न्हाई, साहेब," तो समोरासमोर म्हणाला. "तशीच दिली तर देवाला फसवल्यावानी होईन. मी वाट बघून राह्यलो. झाली की देतो."

पाळक तरुण माणूस, त्यांनी ते मान्य केलं. हळूहळू आणखी दोघातिघांना खुशी होईनाशी झाली आणि चर्चच्या गळक्या पत्र्यांचं काम राहून गेलं. "देणं ना घेणं, कंदील लावून येणं," शेजारची गोपिकाबाई म्हणायची, ते बिभीषणाच्या बायकोला, पुष्पाबाईला, ऐकू जाईल इतक्या बेतानं.

पुष्पाबाईला शरमेपेक्षा भीती जास्त होती. पावसाळ्यात बिभीषणाला कपाशीत पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. दवाखान्याच्या ओट्यावर बसून तिनं देवाला शब्द दिला, धनी वाचला तर घरातला काळा बोकड तुझा. याला नवस म्हणायची सोय नव्हती, पाळकांना ते आवडत नाही. पण शब्द तो शब्दच. धनी उठून बसला आणि बोकड अजून दाव्यालाच होता.

नवऱ्याला सांगावं तर त्याचं उत्तर तिला पाठ होतं. वाचवलं डॉक्टरनं, त्याचा खर्चा देऊन झाला. त्यात बोकड त्यानं बाटलीच्या दुधावर वाढवलेला. बकऱ्यांचा व्यापारी मुजाहिद दोनदा मागून गेला, तर त्याला चहासुद्धा मिळाला नाही. पण परवा बिभीषणाला साधा ताप आला. देव आठवण करून देतोय, असंच पुष्पाबाईला वाटलं.

सुगीच्या सणाला लोक रानातलं चर्चमध्ये आणतात. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो आणि पैसा चर्चला जातो. त्या सकाळी बिभीषण तुरीत गेल्यावर पुष्पाबाईनं बोकडाचं दावं सोडलं. ओढत ओढत तिनं त्याला चर्चमध्ये नेलं.

बिभीषण उशिरा पोचला. दाराला अंकुशनगरकडून आणलेले ऊस बांधले होते. आत बाजरीची कणसं, भोपळे, अंड्यांची टोपली, आणि त्यांच्या शेजारी त्याचा बोकड भोपळ्याचा वेल खात उभा होता.

"हा आपला हाय," तो म्हणाला.

"व्हता," पुष्पाबाई म्हणाली.

गाणं सुरू झालं म्हणून पुढचं भांडण राहिलं.

उपासनेनंतर लिलाव सुरू झाला, तेव्हा दरसाल तिथं कोंबड्या घ्यायला येणारा मुजाहिद अंगणातल्या लिंबाखाली उभा होता. बोकडावर पहिली बोली त्यानंच लावली. बिभीषण त्याच्या कानाशी गेला.

"मुजाहिदभाई, त्यो माझा बोकड हाय."

"तुमचा व्हता तव्हा मागू मागू दमलो, भाऊ. आता देवाचा हाय. देवाकडून कुनी बी घ्यावा. बराबर का न्हाई?"

बिभीषण वाढीव बोली बोलला. मुजाहिद त्याच्यावर बोलला. बाजारभाव मागे पडला तशा बायका पदराआड हसायला लागल्या. आपल्याच दावणीचं जनावर सोडवायला बिभीषणाची कापूस विकून आलेली निम्मी पट्टी निघाली होती. शेवटी मुजाहिदनं हात झटकले. "घेऊन जा. एवढ्यात मला दोन येतेत."

मग पाळक पुढे झाले. "बिभीषणमामा, बोकड तुम्हाला न विचारता इथं आला. जबरदस्तीचं देवाला नको, हे मीच सांगितलंय. खुशी नसेल तर तसाच घरी न्या. पैसे नकोत."

बोकड फुकट घरी गेला की पुष्पाबाईचा शब्द बुडाला. सगळी वस्ती बिभीषणाकडे बघत होती आणि मुजाहिद तर मिशीत हसत होता. बिभीषणानं बायकोकडे पाहिलं. ती रडत होती. साध्यासुध्या गोष्टीला रडणारी बाई नव्हती ती.

"खुशी हाय," तो म्हणाला.

"चेहऱ्यावर दिसत नाही, मामा."

"आमच्या घरान्यात एवढीच दिसती."

पैसे देऊन दोघं बोकडासह घरी निघाले. थोडं चालून झाल्यावर त्यानं विचारलं, "देवाला द्याया तुला बोकडच घावला?"

"तुमाला पान लागलं तव्हा बोलले व्हते मी. तुमी वाचले तर बोकड देईन म्हनून."

बिभीषण थांबला. डॉक्टरचं नाव त्यानं काढलं नाही. खर्च्याचंही नाही.

"म्हंजी आज बोली झाली ती माझ्या जिवाची."

त्यानं मागे वळून पाहिलं. चर्चच्या अंगणात मुजाहिद गाडीला कोंबड्या बांधत होता.

"मंग मुजाहिद लई जल्दी थांबला," बिभीषण म्हणाला.