थोरल्या गावातून जाणारी सडक

आमच्या वाडीतून परभणीला सायकलनं जायच्या दोन वाटा होत्या. त्या दोन वाटांवरून आमच्या घरात जितकी भांडणं झाली, तितकी लोकांच्या घरात बांधावरूनही झाली नसतील.

एक वाट सरळ. वाडीतून निघायचं, थोरल्या गावातून जायचं, फाट्यावर पाथरीच्या सडकेला लागायचं, की पुढं परभणीपर्यंत डांबर. दुसरी वाट थोरल्या गावाला वळसा घालून, कॅनॉलच्या भरावावरून. कॅनॉल अजून खोदत होते, पाणी यायचं होतं. भरावावर नुसती ढेकळं आणि दगडगोटे. त्या वाटेनं गेलं की लांबही पडायचं आणि सायकलचं नि माणसाचं एकेक हाड खिळखिळं व्हायचं.

थोरल्या गावाचं खरं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की ते म्हणतील, आमच्याच गावाला कशाला नावं ठेवता, बाकीच्या गावांत काय वेगळं होतं? आणि त्यांचं ते म्हणणं खरं निघेल.

थोरल्या गावाच्या वेशीतून आत शिरलं की पिंपळाचा पार लागतो. पारावर मोठ्या घरांतली माणसं पान चघळत बसलेली. तिथं आमच्या लोकांनी सायकलवरून उतरायचं, हँडल धरून पायी पुढं जायचं आणि पार मागं पडला की पुन्हा टांग मारायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कुणी हुकूम सोडला होता असंही नाही. पण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला ठाऊक नसेल त्याला करून दिलं जाई.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाव आश्रुबा. छप्पन्न साली त्यांनी धम्म घेतला आणि येसकरीची काठी थोरल्या गावच्या चावडीपुढं नेऊन टाकली. त्याआधी ते गावाचे सांगावे पोचवायचे. कुणाचं मरण, कुणाचं लग्न, पार सोनपेठपर्यंत पायी जायचं आणि दारात उभं राहून सांगायचं. ते त्यांनी सोडलं. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. घरातले देव नेऊन गोदावरीत सोडले. गावानं काम द्यायचं बंद केलं, तर परभणीच्या मोंढ्यात हमाली केली आणि एक जुनी काळी सायकल घेऊन घरी आले. आई गेल्यावर लोक म्हणाले, पोरीचं लग्न उरकून टाक. त्यांनी मला मास्तरकीच्या शिक्षणाला घातलं. सगळ्यांशी भांडून एवढं करणारा माणूस पारापाशी आला की मुकाट्यानं सायकलवरून उतरायचा.

"दादा, तुमी उतरता कामून?" मी विचारायची.

"बसून बसून पाय आखडतेत, माय. जरा चाललं की मोकळे होतेत."

पाय नेमके पारापाशीच आखडायचे. सबंध पाथरीच्या सडकेवर कधी आखडले नाहीत.

सायकल मला त्यांनीच शिकवली, वाडीमागच्या माळावर. मला नोकरी लागली तेव्हा परभणीहून एक लेडीज सायकलही त्यांनीच पारखून आणली. मग सुट्टीच्या दिवशी आम्ही बापलेक दोन सायकलींवर निघायचो. लोक हसायचे, हसू देत. भाकरी बांधून घ्यायची आणि हुंदडायचं. एकदा मानवतपर्यंत, एकदा गंगाखेडला नदीवर. एकदा तर जिंतूरवरून येलदरीला, धरण बघायला. धरणाच्या भिंतीपाशी दादा म्हणाले, "लय माणसं राबली असतील बग हितं." सगळा जिल्हा त्यांना पाठ होता. मी रस्ते चढावरून आणि वाऱ्यावरून ओळखायची. कुठं दमछाक होते, दुपारनंतर कुठं वारा समोरून येतो, हे माझं. दादांचं गणित निराळं होतं. अमक्या गावात दोनदा उतरावं लागतं, तमक्या गावात माणसं बरी आहेत, ह्या सडकेवर मोटारी असतात म्हणून कुणी बघत नाही. एकाच रस्त्यावर आम्ही दोघं, आणि दोघांचे रस्ते वेगळे. माझं तर टाळकं सरकायचं.

त्यातून थोरल्या गावातली सडक. बहात्तरच्या दुष्काळात ती झाली. तिची खडी कुणी फोडली? दादांनी आणि माझ्या आईनं, उन्हात, ओल्या फडक्यानं डोकं बांधून. वेशीपासून पारापर्यंतचा तुकडा तर त्यांच्याच टोळीनं केला. स्वतः फोडलेल्या खडीवरून हा माणूस हँडल धरून, मान खाली घालून चालायचा. हे बघून ज्याला राग येणार नाही त्याच्याशी मला बोलायचंच नाही.

मी उतरत नसे. शाळा फाट्यापलीकडच्या गावात होती, रोज पारापुढून जावं लागे. पहिल्या दिवशी मी जोरजोरात घंटी वाजवत गेले. पारावरची पानं तोंडातच राहिली. संध्याकाळी भगवानराव, थोरल्या गावचे पाटील, यांचा निरोप आला. पोरीला जरा अदब शिकव म्हणावं.

दादांनी निरोप्याला चहा पाजला आणि म्हणाले, "पाटलाला सांगा, ती सरकारी नोकरदार हाय. तिला टायमावर पोचायचं आस्तंय. ती न्हाई उतरायची."

मी आत चुलीपाशी उभी होते. मला वाटलं, आता ह्यांचेही पाय मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून निघालो, तर पार आला आणि दादा उतरले. मी पुढं जाऊन थांबले. ते चालत आले तेव्हा मी काहीबाही बोलले. ते म्हणाले, "तू जा की बसून. मला आनंदच हाय. माझं राहू दे."

त्यानंतर दोघं सोबत असलो की आम्ही कॅनॉलच्या वाटेनं जायला लागलो. त्यांना उतरावं लागायचं नाही आणि मला बघावं लागायचं नाही. घरातली भांडणं थांबली, एवढाच त्या वाटेचा फायदा.

पुढं दादांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदूळ निवडताना खडे तसेच राहायला लागले, तेव्हा मी त्यांना परभणीच्या डोळ्यांच्या शिबिरात नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तरीणबाई, डोळा चांगला निघणार आहे. पण पट्टी सुटेपर्यंत हादरा बसता कामा नये. वाकायचं नाही, ठेचकाळायचं नाही, खोकलासुद्धा दाबून." एक डोळा हलला की दुसरा हलतो, म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली होती.

घरी आणायचा दिवस आला. एस.टी.नं फाट्यापर्यंत आलो. तिथून वाडी दोन कोस. माझी सायकल फाट्यावरच्या हॉटेलात ठेवलेली होती. बैलगाडी मिळत होती, पण बैलगाडीत धडधाकट माणसाचा डोळाही जागेवर राहत नाही. आंधळ्या पट्टीनं चालवत न्यायचं तर पावलोपावली ठेच. मी कॅरिअरवर वाकळेची घडी बांधली आणि दादांना दोन्हीकडं पाय सोडून बसवलं. ते वाळून काटकी झाले होते.

"कोणत्या वाटंनं जायलो आपण?" त्यांनी विचारलं.

"सडकेनं. कॅनॉलनं न्हाई जमायचं, दादा. डॉक्टरनी काय सांगितलं?"

मी सायकल हलवलीच नाही. म्हटलं, आत्ताच तोडून टाकू.

"पारापाशी उतरायचं न्हाई. उतरलात आन् पडलात तर डोळा जाईल. मला शब्द द्या."

"दिला की."

"नीट बोला."

"न्हाई उतरत, सत्यशीला," ते म्हणाले. घरात मी सत्ये, नाहीतर माय. पूर्ण नाव त्यांनी क्वचितच घेतलं असेल. मग ते हसले. "आता तर मला पारबी दिसायचा न्हाई. कुणाला बघून उतरू?"

मलाही हसू आलं. खरं सांगते, त्या दिवशी मी फार खुशीत होते. डोळा येणार होता, आणि दादा माझ्या मागं बसून थोरल्या गावातून जाणार होते. मी सावकाश पायडल मारत होते. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, काढणी सुरू झालेली. दादांनी माझा खांदा धरला होता. विचारत होते, हे कुणाचं रान आलं, कणसं कशी भरली, धाट किती उंच. मी सांगत होते.

वेस आली. वेशीपाशी सडकेवर सांडपाण्याची फरशी होती, तिच्यावर चाक जरासं उचललं जाई. मी ब्रेक धरून अगदी हळू काढली. पुढं पिंपळाची गार सावली अंगावर आली. सुगीचे दिवस, भर दुपार, सगळं गाव रानात. पारावर एक कुत्रं झोपलं होतं, दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणणारच होते, दादा, पार आला बघा, बसून राहा.

त्याआधीच माझ्या खांद्यावरचा हात सुटला.

ते उतरले. रोज उतरत तसेच, उजवा पाय मागून फिरवून. पण चालवत मी होते, चाक फिरत होतं. पाय वाकळेत अडकला. मी वळून बघितलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात पुढं होते, मुठी वळलेल्या. हँडल धरायला गेले होते. समोर हँडल नव्हतं. ते उजव्या कुशीवर सडकेवर पडले आणि तोंड खडीवर आपटलं.

पारासमोरच्या घरातून मालनबाई धावत आली. घरंदाज शेतकऱ्याची म्हातारी, सुगीला रानात जायचं वय गेलेलं. तिनं शिवाशिव काही बघितली नाही, दादांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं पट्टीखालून येणारं रक्त पुसलं. "अरं आश्रुबा, अरं बाबा," एवढंच म्हणत होती. तिनंच ओरडून रानातून गाडी बोलावली. मी काय करत होते ते मला आठवत नाही. सायकल आडवी पडली होती आणि मागचं चाक फिरत होतं, ते दिसतं.

खुबा मोडला होता. डोळा गेला. दवाखान्यात पायाला वजन लटकावून त्यांना उताणं निजवलं. उताण्या माणसाच्या छातीत कफ होतो म्हणतात, तसा झाला.

भेटायला येणारे मला सांगायचे, पाराजवळ तूच उतरून सायकल ढकलत न्यायची होतीस. दोन पावलांचा तर प्रश्न होता. माझ्याच भावकीतली माणसं. मी त्यांना उभं केलं नाही. मी उतरायला नको होतं, आणि दादांनीही नको होतं. ज्यांनी आम्हाला उतरायला शिकवलं ते रानात ज्वारी काढत होते, त्यांना जाऊन कुणी काही म्हणेना.

दादा स्वतः त्याबद्दल बोलत नव्हते. एका दुपारी मी मोसंबी सोलत बसले होते. त्यांनी विचारलं, "सत्ये, पारावर कोण कोण हुतं?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. भगवानराव होते म्हणावं, आठ-दहा माणसं होती म्हणावं. पण मला खोटं कधी जमलं नाही.

"कुणी न्हवतं, दादा."

"कुणीच न्हाई?"

"सगळे रानात गेलते."

"बरं झालं," ते म्हणाले. "पडताना कुणी बघितलं न्हाई."

मी फोड त्यांच्या तोंडात दिली. त्यांनी ती तशीच गालात धरून ठेवली. डाव्या डोळ्याची पट्टी काढली होती, त्या धुरकट डोळ्यानं ते माझ्या दिशेनं बघत होते. "मंग म्या उतरलो कामून, माय?"

मी त्यांचं तोंड पुसलं आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. परत आले तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून होते. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

टेम्पोनं त्यांना फाट्यापर्यंत आणलं, तिथून वाडीच्या बैलगाडीत घेतलं. भावकीतले लिंबाजीकाका म्हणाले, "कॅनॉलच्या वाटंनं घेऊ. उगं थोरल्या गावात तकलीप कशाला?" मी गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, सडकेनं जायचं. कुणी वाद घातला नाही.

दिवस मावळतीला आला होता, पार भरलेला होता. आमची गाडी वेशीतून आत आली तशी बोलणी थांबली. भगवानराव उठून उभे राहिले. का राहिले, मला ठाऊक नाही आणि मी विचारलंही नाही. गाडी पारापुढून गेली. दादा उतरले नाहीत.

मला वाटलं होतं, त्या घडीला माझी मान वर होईल. तशी काही झाली नाही. मी गाडीचा दांडा धरून चालत होते आणि मला एवढंच वाटत होतं की त्यांनी उठावं, उतरावं, हवं तर रोज उतरावं.