बांधणार नाही

नव्या रायपुरात पोलिसांना दिलेलं मनोरुग्ण हाताळण्याचं प्रशिक्षण हवालदार धर्मपालने मनापासून घेतलं होतं. अभनपूरच्या बाजूच्या गावांतून फोन आला, की सगळ्यांच्या आधी पोचायची ती त्याचीच गाडी. कोणाचं डोकं फिरलं म्हटलं, की चौघांनी धरायचं आणि दोरीने आवळायचं, आजवर एवढंच त्याला ठाऊक होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आधी गर्दी हटवा, आवाज उतरवा, समोरच्याचं ऐका. आणि त्याला फसवू नका.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "मीरा, इतके वर्षं आम्ही उलटंच करून राहिलो होतो."

पंधरवड्यातच फोन आला. तुळशीराम नावाचा तरुण सुतार हातात पटाशी घेऊन खोलीत कोंडून बसला होता. बाहेर त्याची आई कमला रडत होती आणि सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, तमाशा बघायला जमली होती. धर्मपालने लोकांना पांगवलं, टोपी काढली आणि उंबऱ्याशी बसला.

बराच वेळ तो तुळशीरामची आतली बडबड नुसती ऐकत राहिला. मग आतून आवाज आला, "बाहेर आलो की बांधाल. मागच्या वेळी बांधलं होतं."

"नाही बांधणार. मी आहे ना."

"शपथ घ्या."

"महतारी के कसम," धर्मपाल म्हणाला. आईची शपथ.

कडी निघाली. तुळशीरामने पटाशी त्याच्या हातात दिली आणि पाणी मागितलं. तो पाणी पीत होता, तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली, मागोमाग ठाण्याचे साहेब. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, "खुला नहीं ले जाऊँगा भैया. रास्ते में कुछ हो गया तो?"

"साहब, मैंने वचन दिया है," धर्मपाल म्हणाला.

"वचन तूने दिया, जवाब मैं दूँ? हाथ पकड़ इसके."

धर्मपालने हात पकडले. तुळशीराम जराही झटापट करेना. दोरी आवळेपर्यंत तो धर्मपालच्या तोंडाकडे बघत राहिला.

पेपरात धर्मपालचा फोटो आला. पुढच्या प्रशिक्षणात शाल देऊन त्याचा सत्कार झाला, डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. दोरीचं सांगावं म्हणून तो उभा राहिला. पहिल्या रांगेत साहेब बसले होते. सगळ्यांचे आभार मानून तो खाली बसला.

धानकापणीच्या दिवसांत पुन्हा त्याच घरून फोन आला. धर्मपाल पुन्हा उंबऱ्याशी बसला, आवाज उतरवून म्हणाला, "तुळशीराम, मी आहे."

आत काहीतरी जड दाराकडे ओढत आणल्याचा आवाज आला. मग भिंतीवर डोकं आपटल्याचा. कमला धावत आली.

"तुम्ही नका बोलू साहेब," ती हात जोडून म्हणाली. "ओरडणाऱ्याला तो एवढा भीत नाही."

दार शेवटी गावच्या माणसांनी फोडलं. त्यांनीच त्याला बांधलं. धर्मपाल गाडीजवळ उभा होता, त्याला कोणी बोलावलंही नाही.

घरी ताट तसंच राहिलेलं बघून मीराबाईने विचारलं, "काहून जेवून नाही राहिले? झालं काय?"

"त्या पोट्ट्यानं मले आवाजावरून ओळखलं."

"मंग चांगलंच झालं की," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात अजून एक पोळी वाढली.